आत्याची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, नवऱ्यालाही नाही. लग्न ठरलं तेव्हा एकमेकांपासून काही लपवायचं नाही असं आम्ही दोघांनी मोठ्या हौसेने ठरवलं होतं — आणि मी त्याला सांगितलं, की शाळेत असताना मी एकदा कॉपी केली होती. ते खोटं होतं. कॉपी मी कधीच केली नाही. छोटंसं काहीतरी पुढे करून मोठं मागे सरकवलं, इतकंच. तो हसला आणि विषय संपला.

मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — असं लिहिणार होते. छान वाटलं असतं ते. पण असं छान लिहायला मला शिकवलेलं आहे, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. म्हणून आधीच सांगून ठेवते. मधेच मी एखादा प्रश्न विचारला, एखादं वाक्य अर्ध्यावर सोडलं, तर जरा जपून वाचा. वाचणाऱ्याला आपल्या बाजूला कसं ओढायचं ते मी सोळाव्या वर्षी शिकले. चाळीसपैकी चौतीस मार्क मिळाले होते.

आमचं घर हैदराबादला, चिक्कडपल्लीत. पणजोबा निजामाच्या काळात नांदेडकडून इकडे आले, आणि मग कुणी परत गेलंच नाही. घरात आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही तिने. मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं. भाजीवाली तिला अजून टीचरम्मा म्हणते. निवृत्त झाल्यावर नुसतं बसणं तिला जमेना, म्हणून तिने आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर सुरू केलं. पुण्या-मुंबईहून इथल्या कंपन्यांत नोकरीला आलेली जोडपी आपली मुलं तिच्याकडे सोडायची — मुलांच्या कानावर मराठी पडेल म्हणून. चार वाजता पोहे, आणि पोह्यांनंतर पाढे. आत्या सांगायची आणि सात-आठ पोरं अशी काही ओरडून म्हणायची, की खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आजोबांनाही बेचा पाढा पाठ झाला होता.

मी नववीत गेले तेव्हा बाबांनी मला गल्लीतल्या शाळेतून काढून हिमायतनगरच्या एका मोठ्या शाळेत घातलं. तिथे परीक्षा परदेशी बोर्डाची. इंग्रजीचे दोन पेपर. पहिल्यात एक उतारा द्यायचे आणि लेखकाने वाचणाऱ्यावर परिणाम कसा साधलाय तो उकलून दाखवायचा. दुसऱ्यात आपण लिहायचं — भाषण, पत्र, लेख, काहीही, पण वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. भीती म्हणजे काय ते मला त्या वर्गात कळलं. सकाळी बसमध्ये बसलं की मी दिवसभराचे तास मोजायला लागायची. मोठ्याने वाचायची पाळी आली की माझी जीभ अडायची. कुणी हसायचं नाही. सगळे अगदी सभ्यपणे वाट बघायचे, आणि ते जास्त वाईट होतं. बाबा रोज जेवताना विचारायचे, इंग्रजी काय म्हणतंय? मी म्हणायची, ठीक आहे.

ठीक काहीच नव्हतं. माझ्या पहिल्या लेखाला चाळीसपैकी अकरा मार्क मिळाले. खाली पद्मजा मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं — यात तू कुठे आहेस?

पद्मजा मॅडम फार चांगल्या होत्या. हे मी आत्ताच सांगते, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल आणि माझ्यावरचा थोडा कमी होईल, तसं व्हायला नको. त्या शिकवायच्या, की माणसाला आकड्यांनी काही पटत नाही, एका माणसाच्या गोष्टीने पटतं. गोष्ट स्वतःची असेल तर उत्तम. नसेल तर रचा, परीक्षक काही तुमच्या घरी बघायला येत नाही. फक्त एक बारीकसा तपशील असा घाला, की वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरू नये. रचा, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

प्रीलिमला प्रश्न आला — मुलांना शिस्त लावायला शिक्षा हवी का? वर्तमानपत्रासाठी लेख लिहा, वाचकांना आपलं मत पटवा. पंचेचाळीस मिनिटं. त्यातली दहा मी नुसती बसून घालवली. आजूबाजूला सगळ्यांची पेनं चालली होती. आणि मग मला आमच्या घरातली सामानाची खोली आठवली.

आधी खरं काय घडलं होतं ते सांगते. मी पाच वर्षांची होते. लपाछपी खेळताना सामानाच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. कडी अडकली. दिव्याचं बटण बाहेर, आत तांदळाचा पिंप आणि काळोख. मी किंचाळायला लागले. घरात आत्या एकटीच होती. तिने शेजारणीला सुताराला आणायला पिटाळलं आणि स्वतः दाराशी खाली बसली. दाराखालच्या फटीतून तिने बोटं आत सरकवली. म्हणाली, धर. मग ती पाढे म्हणायला लागली. बे एके बे. पुढचं तू म्हण. मी हुंदके देत बे दुणे चार म्हटलं. बे त्रिक सहा. असे आम्ही पाचाच्या पाढ्यापर्यंत गेलो. सुतार काही येईना, आणि मला श्वास लागला. तेव्हा ती स्टुलावर चढली, दारावरची काच फोडली, हात आत घातला आणि कडी सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत हात चिरला गेला. तो व्रण अजून आहे.

आणि मी काय लिहिलं? लिहिलं, की मला शिक्षा म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडायचे. कोंडणारी माझी आत्या. ती दाराबाहेर उभी राहून पाढे विचारायची, आणि चुकलं की आणखी दहा मिनिटं. दाराखालच्या फटीतून मला तिची बोटं दिसायची — पायाची बोटं, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. हा माझा बारीक तपशील. नख खरंच काळं होतं, पाटा पडला होता त्याच्यावर. लिहिताना मला भीती वाटली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या वर्गात मला भीती वाटली नाही. पेन आपोआप चालत होतं.

चौतीस मार्क. मॅडमनी तास संपल्यावर थांबवून घेतलं. दार लोटलं, माझ्यासमोर बसल्या आणि हळूच विचारलं, हे खरं आहे का बाळा?

इथे थांबा जरा. मला फक्त म्हणायचं होतं — नाही मॅडम, रचलंय. त्यांनीच सांगितलं होतं रचायला. एक मार्क कमी झाला नसता. कदाचित शाबासकीच मिळाली असती. गमावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या शाळेत माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी मान हलवली. होकारार्थी.

पुढचं सगळं भराभर झालं. मॅडमनी काउन्सेलरना सांगितलं. त्या आई-बाबांना बोलवायचं म्हणू लागल्या, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. मी रडले. म्हटलं, कुणाला बोलवू नका, प्लीज. बाबांना कळू देऊ नका. मी सापडायला घाबरत होते. त्यांना वाटलं, मी घरच्यांना घाबरते आहे. शाळेलाही बहुधा गाजावाजा नको होता. शेवटी त्यांनी एक छापील कागद काढला, त्यात दोन-तीन ओळी भरल्या आणि म्हणाल्या, आत्याची सही घेऊन ये, मग आपण इथेच मिटवू. कागदावर इंग्रजीत होतं, की या मुलीला शिक्षा म्हणून बंद खोलीत ठेवलं गेलं हे मला मान्य आहे, आणि यापुढे असं होणार नाही. कबुलीजबाबच होता तो. दुसऱ्याच्या नावाचा.

मी घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. पुढच्या खोलीत पोरांचा पाढ्यांचा दंगा चालला होता. आत्या पदराला हात पुसत आली. कागद हातात घेऊन तिने लांब धरला. कचेरीतलं इंग्रजी तिला यायचं नाही, पण चष्मा लावून बसली असती तर दोन-चार शब्द नक्की कळले असते. चष्मा तिने शोधलाच नाही.

"काय लिहिलंय गं?"

"जादा तासांची परवानगी मागितलीय. घरातल्या कुणाही मोठ्याची सही चालते."

"नुसतं असं नक्को सांगू. वाच समदं. सही करायच्या आधी वाचावं माणसानं."

तर मी वाचलं. ओळींखाली बोट फिरवत, जसं तिनेच मला लहानपणी शिकवलं होतं तसं. तिथे नसलेली पाच वाक्यं मी मराठीत वाचली — शनिवारी जादा तास, दोन तास उशीर, पालकांची हरकत नाही. तिने ऐकून मान डोलावली. भिंतीला कागद टेकवून मराठीत सही केली, पूर्ण नाव, वळणदार. मग थोडा विचार करून सहीखाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे दिला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा पोरांकडे गेली.

तेव्हा मला मराठी वाचायला वेळ लागायचा. जिन्यात उभी राहून मी अक्षर अक्षर लावत ती ओळ वाचली. मुलगी फार कष्ट करते आहे, तिच्याकडे लक्ष असू द्यावे.

इथेही मला परत फिरता आलं असतं ना? फक्त एक मजला चढायचा होता. दुसऱ्या दिवशी मी तो कागद शाळेत दिला. काउन्सेलरना मराठी येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय त्यांनी? मी म्हटलं, माफी मागितली आहे.

हे वाक्य मी दहा वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिताना हात थरथरतोय — नाही, हे खोडते. हात थरथरत नाहीये. 

महिनाभराने पाळणाघरातली ईरा नावाची मुलगी यायची थांबली. तिच्या आईने फोनवर सांगितलं, की ऑफिसजवळच सोय झाली. मग जुळी भावंडं गेली. मग आणखी दोघं. शाळेतल्या कुणाची तरी बहीण आमच्याच गल्लीत राहायची आणि गोष्ट तिथून पसरली, हे मला नंतर कळलं. आत्याला काहीच कळत नव्हतं. मी आतल्या खोलीत उतारे सोडवत बसलेली असायची आणि ती दारात येऊन उभी राहायची. म्हणायची, "माझं काय चुकलं असंल गं?" मी म्हणायची, काही नाही आत्या, लोकांना जवळ सोय लागते. ती म्हणायची, पाढ्यांचा आवाज जास्त होतो का की? मग तिने पाढे हळू आवाजात घ्यायला सुरुवात केली. तरी मुलं कमी होत गेली.

एक दिवस आई नामपल्लीहून ऑफिसातून आली ती तणतणतच. जिन्यात तिला कुणीतरी विचारलं होतं, तुमच्याकडे मुलांना कोंडून ठेवतात म्हणे, खरं का? आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आत्या आधी हसली. म्हणाली, "हौले हाएत का, खुळे हाएत का लोक? कोंडतंय कोण? मी तर हिला भाईर काढलं होतं." असं म्हणून तिने हात पुढे केला. तो व्रण माझ्या ताटाच्या वर, अगदी माझ्या तोंडासमोर होता. बाबा म्हणाले, मी जाऊन विचारतो कोण म्हणतं ते. मला वाटलं, आता संपलं.  पण आत्याच म्हणाली, नक्को, जाऊ दे, पोरीची परीक्षा आहे. मी भात कालवत राहिले. आईने आणखी आमटी वाढली, तीही खाल्ली.

फेब्रुवारी संपेपर्यंत पाळणाघर बंद झालं. आत्याने छोट्या ताटल्या धुऊन पुसून पिशवीत बांधल्या आणि सामानाच्या खोलीत ठेवल्या. त्यानंतर त्या घरात पाढे कुणी म्हटले नाहीत.

तुम्हाला वाटेल, एवढंच. पोरवयात एक खोटं बोलले, ते वाढत गेलं, मग घाबरून गप्प बसले. इथे थांबले तर तुम्ही मला बहुतेक माफ करून टाकाल. उतारा सोडवायला दिला असता तर मीच लिहिलं असतं, की लेखिका स्वतःची भीती पुढे करून वाचकाची सहानुभूती मिळवते. पण थांबता येणार नाही. कारण मग मार्च-एप्रिल आला, आणि बोर्डाचा पेपर.

दुसरा पेपर उघडला. प्रश्न होता — घरातल्या मोठ्या माणसांनी मुलांशी कसं वागावं, यावर पालकांसमोर करायचं भाषण लिहा. मी तो दोनदा वाचला. सगळं मला माहीत होतं. पुढची खोली रिकामी होती, ताटल्या पिशवीत होत्या, आत्या दुपारभर खिडकीशी बसून खालची शाळेची बस बघायची — हे सगळं माहीत असताना, शांतपणे, वेळ लावून, मी पुन्हा तीच खोली लिहिली. तीच आत्या. तेच पाढे. दाराखालची तीच बोटं. काळं नखही घातलं. प्रीलिमपेक्षा चांगलं जमलं, कारण आता सराव झाला होता. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा होतं. तरी लिहिलं, कारण मला कमी मार्कांची भीती आत्यापेक्षा मोठी वाटली.

सगळ्यात वरची ग्रेड मिळाली. बाबांनी पेढे आणले. आत्याने माझी दृष्ट काढली.

मराठी मी त्यानंतर शिकले, आत्याकडूनच, नीट, तिच्या जुन्या पुस्तकांवरून. घरात सगळ्यांना कौतुक वाटायचं, की या वयात पोरगी मराठीकडे वळली. ती माझं शुद्धलेखन तपासायची आणि चुकलेल्या शब्दाखाली बारीक रेघ मारायची. मी का शिकत होते ते तिने कधी विचारलं नाही, आणि मलाही ते तेव्हा नीटसं माहीत नव्हतं.

आता ती शहात्तरची आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मराठी भिंग घेऊन स्वतः वाचते. इंग्रजी जे काही येतं — दवाखान्याचे कागद, बँकेची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या — ते माझ्यासाठी बाजूला ठेवते. मी लग्नानंतर नारायणगुड्यात राहते, रविवारी जाते. मी एकेक शब्द वाचून दाखवते, खालचा बारीक मजकूरसुद्धा. ती कंटाळते. म्हणते, एवढं कशाला, तू वाचलंस म्हंजे झालं. दर रविवारी ती हे म्हणते, आणि दर रविवारी मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागते.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे, आणि मोठ्या अक्षरांत. तुमच्या आधी हे तिच्याकडे जाईल. उद्या रविवार आहे. चहा झाला की ती खिडकीशी भिंग घेऊन बसते. मी कागद तिच्यासमोर ठेवणार आहे. ती म्हणेल, काय लिहिलंय गं? मी वाचून दाखवणार नाही. मला फार भीती वाटते आहे, आणि मी तिथेच बसणार आहे.

शेवटी एक परिच्छेद होता — मी लहान होते, घाबरले होते, रचायला मला सांगितलं होतं, असं काही काही. चांगला जमला होता. तो काढून टाकला.

सही करायच्या आधी वाचावं माणसानं, म्हणून मी हे पहिल्यापासून पुन्हा वाचलं, ओळींखाली बोट फिरवत. मग खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.